‘समेट झाला’ म्हणून बंद झालेली एक फाइल

नवऱ्याच्या मारहाणीची ही केस पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्यातली आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, वयं, कामधंदा बदललाय आणि आमच्याकडं आलेल्या अजून एक-दोघींच्या केसमधले तपशील पण यात मिसळलेत, त्यामुळं कोणी ओळखीचं शोधत बसू नका. कायद्याची कलमं, नियम, योजना मात्र जशाच्या तशा आहेत. मी एका छोट्या संस्थेचं काम करते, म्हणजे बायकांसोबत पोलीस स्टेशनला जायचं, दवाखान्यात जायचं, अर्ज लिहून द्यायचे, कोर्टात बाकावर शेजारी बसायचं.

ताई म्हणूया तिला. वय चौतीस, लग्नाला पंधरा वर्षं, मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी आठ. नवऱ्याचा हप्त्यावर घेतलेला पिकअप आहे, मार्केटला भाजी-कांदा नेतो. घर सासऱ्यांच्या नावावर, सासरे वारले, वारसनोंद अजून झालेली नाही (हे फालतू वाटेल पण पुढं कोर्टात कित्येक तारखा यावरच गेल्या).

मारहाण जुनीच, मुलगा पोटात होता तेव्हापासूनची. दोनदा माहेरी आली, दोन्ही वेळा चार माणसं बसली, चहा झाला आणि भाऊच तिला गाडीवर बसवून परत सोडून आला. तिचं असं वेगळं काही घडलं असंही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या साधारण चारात एका बाईनं नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलंय, आणि देशभरात ज्यांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली त्यातल्या फक्त १४ टक्के जणींनी कुठंतरी मदत मागितली, त्यातही बहुतेकींनी घरच्यांकडंच. म्हणजे ताईसारखी बाई सरकारी दारात उभी राहते तेव्हा ती आधीच घरातले सगळे उपाय करून थकलेली असते. समोरच्या टेबलवाल्याला वाटतं ही आजच भांडून आलीय.

२०२४ ची दिवाळी झाली आणि पंधरा दिवसांत त्यानं कानाखाली अशी मारली की कानातून रक्त आलं. ग्रामीण रुग्णालयात तोच घेऊन गेला, ज्यानं मारलं तोच केसपेपर काढायला रांगेत उभा. डॉक्टरनं काय झालं विचारलं तर उत्तर पण त्यानंच दिलं, मोरीत पाय घसरला. केसपेपरवर तेच लिहिलं गेलं, एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल नोंद) झाली नाही, तिला एकटीला बाजूला घेऊन कोणी दोन शब्द विचारले नाहीत. आता कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांत, १७ व्या नियमात, चक्क लिहिलंय की आधी रिपोर्ट नोंदवला नाही म्हणून उपचार नाकारायचे नाहीत आणि रिपोर्ट झालेला नसेल तर दवाखान्यानंच फॉर्म भरून संरक्षण अधिकाऱ्याकडं पाठवायचा. मी हे तिथल्या सिस्टरांना दाखवलं तर त्या म्हणाल्या आम्हाला असं पत्र कधी आलंच नाही, आणि मला वाटतं त्या खरं बोलत होत्या. मुंबईत बांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये २००० सालापासून ‘दिलासा’ केंद्र आहे, महापालिका आणि सेहत संस्थेनं सुरू केलेलं, तिथं अशा बाईला हेरायला, तिच्याशी एकटीशी बोलायला हॉस्पिटलातलीच माणसं तयार केलेली आहेत. म्हणजे कसं करायचं हे माहीतच नाही अशातला भाग नाही. पण तालुक्याच्या दवाखान्यात बाह्यरुग्ण विभागात एक डॉक्टर आणि बाहेर शंभर माणसं, आणि तो पडदाही नाही ज्याच्या मागं बाई बोलेल.

केसपेपरवर ‘घसरून पडली’ आलं की पुढचं सगळं त्याच रुळावर जातं. पोलीस स्टेशनला ठाणे अंमलदारानं कागद बघितला, एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, घेतली. मी म्हटलं कलम ८५ लावा (भारतीय न्याय संहितेतलं, जुनं ४९८अ), तर म्हणाले मॅडम ते डायरेक्ट नाही लागत, आधी जिल्ह्याच्या महिला कक्षाकडं पाठवावं लागतं, समुपदेशन होतं, नाही जमलं तर मग बघू. यात ते पूर्ण चूक होते असं पण नाही. नवरा-बायकोच्या प्रकरणात आधी प्राथमिक चौकशी करायला हरकत नाही असं सुप्रीम कोर्टानंच २०१३ च्या ललिता कुमारी निकालात म्हटलंय. पण चौकशी म्हणजे गुन्हा घडला का ते बघणं. ती चौकशी आपल्याकडं समेट बैठक कधी झाली कळलंच नाही.

आता या बैठकांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते ही केस तिथंच हातातून गेली, कोर्टात नाही.

तीन तारखा झाल्या. एसटीनं दीड तास, महिलांना अर्धं तिकीट झाल्यापासून तेवढा तरी बोजा कमी आहे, पण शिलाईच्या कामावरचा त्या दिवसाचा खाडा व्हायचाच. पहिल्या तारखेला तो आलाच नाही. दुसऱ्याला आला, सोबत आई आणि मोठे चुलते. सगळ्यांना एकाच खोलीत बसवलं, एका टेबलाभोवती, ताईच्या समोर तो, त्याच्या शेजारी सासू. आणि मग सुरू झालं, सासू म्हणाली आमच्यात एवढं काय होत नाही ओ, भांड्याला भांडं लागतंच की, ही मोबाइलवर असते, पोरांच्या डब्याकडं लक्ष नाही. तो मान खाली घालून बसला होता, एकदाच बोलला, की मॅडम दिवसभर गाडी चालवून माणूस येतो, तोंडातनं जातं, हातनं पण जातं कधी. समुपदेशक बाईंनी (त्या वाईट नव्हत्या, त्यांच्या दाराबाहेर त्या दिवशीची अजून सात-आठ जोडपी बसली होती) ताईकडं वळून विचारलं, बाई तुझ्या बाजूनं काय कमी पडतं ते पण सांग. ताई काय सांगणार. नवरा समोर, सासू समोर, संध्याकाळी त्याच घरात जायचं. म्हणाली, मी पण कधीकधी उलटून बोलते. झालं. ते कागदावर आलं.

इथं परत नियमाकडं येते. त्याच २००६ च्या नियमांत १४ वा नियम समुपदेशनाचा आहे, आणि तो वाचला की माणूस चाट पडतो इतका स्पष्ट आहे. त्यात म्हटलंय की हिंसा करणाऱ्यानं केलेल्या हिंसेचं कुठलंही समर्थन समुपदेशनात मांडायचं नाही आणि हे त्याला सुरुवात व्हायच्या आधीच सांगायचं. म्हणजे ‘दिवसभर गाडी चालवून येतो’ हे वाक्य त्या खोलीत यायलाच नको होतं. पण गंमत अशी की हा नियम मॅजिस्ट्रेटनं कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १४ खाली पाठवलेल्या समुपदेशनाला लागू. पोलिसांच्या कक्षातली बैठक त्या कायद्याखाली येतच नाही. म्हणजे कोर्टात जिथं ती क्वचित होते तिथं नियम आहेत, आणि पोलिसांकडं जिथं दर आठवड्याला ढिगानं होते तिथं काहीच नाही. कोण बसणार, एकत्र बसायचं का वेगळं, बाईला नको असेल तर काय, नंतर कोण विचारणार, सगळं त्या त्या माणसावर.

तिसऱ्या तारखेला त्यानं पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून दिलं की इथून पुढं मारहाण शिवीगाळ करणार नाही. ताईनं लिहून दिलं की मी नांदायला जायला तयार आहे आणि माझी तक्रार नाही. दोघांच्या सह्या, चुलत्यांची साक्षीदार म्हणून सही, रजिस्टरमध्ये शेरा पडला समेट. महिन्याच्या रिपोर्टमध्ये ही केस यशस्वी गेली असणार. त्या घराला नंतर कोणी फोन केला नाही. महिनाभरानं, तीन महिन्यांनी एक साधा फोन, तो पण बाई एकटी असेल अशा वेळी विचारून ठरवलेला, एवढं तरी. पण ते कोणाच्या कामात मोडतच नाही, फाइल बंद झाली की काम संपलं.

असं सगळीकडंच होतं असं म्हणायचं नाही मला. टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तो पुढं राज्यभर पसरला. त्यात बसणारी माणसं पोलीस नसतात, समाजकार्य शिकलेली असतात, आणि त्यांची पहिली अट मारहाण थांबणं ही असते, ती वाटाघाटीत येत नाही. नवऱ्याशी पण वेगळं बोलतात. पण असा कक्ष आपल्या तालुक्याच्या ठाण्यात असणं-नसणं हा नशिबाचा भाग, ताईच्या ठाण्यात नव्हता.

दोन महिने बरे गेले. मग स्टॅम्प त्याच्या हातात आला, म्हणजे शब्दशः, तूच सही केलीस ना तक्रार नाही म्हणून, आता जा कुठं जायचं ते. मार्चमध्ये त्यानं रात्री घराबाहेर काढलं, ताईनं शेजारच्या फोनवरून ११२ लावला, गाडी आली हे मान्य करायला हवं, अर्ध्या तासात आली, आणि त्यांनी तिला नि मुलीला जिल्ह्याच्या सखी केंद्रात सोडलं. सखी म्हणजे वन स्टॉप सेंटर, २०१५ पासूनची केंद्राची योजना, एकाच छताखाली डॉक्टर, वकील, पोलीस, समुपदेशन, तात्पुरतं राहणं. राहणं पाच दिवसांचं. तिथल्या मुलींनी चांगलं केलं, जेवण, कपडे, अर्ज लिहून दिला. पण मुलगा तेरा वर्षांचा, त्या वयाच्या मुलाला बायकांच्या निवासात ठेवता येत नाही, त्यामुळं तो आजीकडं राहिला. नियमामागचं कारण कळतं मला, आत बाकीच्या मुली-बायका असतात. पण त्याचा अर्थ असा झाला की आईनं जीव वाचवायला घर सोडलं आणि मुलगा ज्याच्यापासून वाचायचं त्याच्याच हवाली राहिला, आणि यावर त्या एका छताखाली कोणाकडंच उत्तर नव्हतं.

पाच दिवसांनी पुढं शक्ती सदन, म्हणजे आधीचं स्वाधार, बायकांसाठीचं जास्त दिवसांचं निवासगृह. ते दुसऱ्या टोकाला, मुलीची शाळा सुटणार, शिलाईचं काम सुटणार. मग परत भावाचं घर. वहिनीनं तोंडावर काही म्हटलं नाही पण गॅसचा सिलिंडर किती दिवस पुरला हे मोठ्यानं मोजायला लागली.

एप्रिलमध्ये संरक्षण अधिकाऱ्यांकडं रिपोर्ट. हे पद हाच कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा कणा, बाई आणि कोर्ट यांच्यामधला माणूस. रिपोर्ट भरायचा, अर्ज करायला मदत करायची, निवारा दवाखाना बघायचा, नोटीस बजावायची, आदेश पाळला जातो का बघायचं, सगळं त्यांच्यावर. आमच्याकडच्या मॅडमकडं दोन तालुके, एक मदतनीस जो आठवड्यातून तीन दिवस दुसरीकडं. २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं सगळ्या राज्यांना सांगितलं की जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी सहा आठवड्यांत नेमा. कायदा लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. म्हणजे साडेअठरा वर्षांनी कोर्टाला सांगावं लागतंय की माणसं नेमा. आणि नेमणं म्हणजे बऱ्याचदा असलेल्याच अधिकाऱ्याच्या गळ्यात अजून एक पाटी अडकवणं.

कोर्टाचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. कायद्यात पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल शक्यतो साठ दिवसांत. प्रत्यक्षात नोटीसच दोन महिने लागली नाही, ‘इसम घरी मिळून आला नाही’, आणि इसम रोज पहाटे मार्केटला गाडी लावून उभा. विधी सेवा समितीतून मोफत वकील मिळाल्या, बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नसते हे लक्षात ठेवा, पण मध्येच त्या बदलल्या आणि नव्या वकीलताईंना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. समोरच्या वकिलांनी घर सासऱ्यांच्या नावावर, नवऱ्याचा संबंध नाही असं लावून धरलं. सतीश चंदर आहुजा केसमध्ये २०२० साली सुप्रीम कोर्टानं हा मुद्दा निकाली काढलाय, घर नातेवाइकाच्या नावावर असलं तरी ती तिथं नांदली असेल तर ते सामायिक घर धरता येतं. तरी तारखा गेल्याच. आणि हो, समोरच्यांनी सगळ्यात आधी कोर्टात काय दाखल केलं असेल? तो स्टॅम्प. तक्रार नाही म्हणून ताईनं सही केलेला.

नोव्हेंबरात अंतरिम आदेश झाला, संरक्षण आदेश, महिना पाच हजार, आणि घरातली एक खोली राहायला. खोलीचा ताबा घ्यायला गेलो तर कुलूप, सासू म्हणे चावी लेकाकडं. पैसे पहिला महिना आले, मग बंद. नोकरदार असता तर पगारातूनच वळते करायचा आदेश मागता आला असता, इथं पिकअप, तो पण फायनान्सवर. डिसेंबरात भावाच्या दारात येऊन धमकी देऊन गेला. संरक्षण आदेश मोडला तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत शिक्षा, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. ठाण्यात म्हणाले कोर्टातून लेखी आणा.

मधल्या काळात नियमित पैसा एकच आला, लाडकी बहीणचे दीड हजार. त्याचं पण असं की सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली आणि त्यात नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार आणि त्यावरचा ओटीपी. वडील नाहीत. ज्याच्याविरुद्ध कोर्टात उभी आहे त्याला फोन करून ओटीपी मागायचा? विधवा आणि घटस्फोटित बायकांसाठी नंतर कागद देऊन वाट काढली, पण ताई ना विधवा ना घटस्फोटित. घर सोडलेली पण लग्नात असलेली बाई कुठल्याच फॉर्मच्या चौकटीत बसत नाही.

आता त्याच्याबद्दल. या सगळ्या वर्षभरात ताईला किती जणांनी समजावलं ते मोजत बसायची गरज नाही, प्रत्येक टेबलावर. त्याच्याशी एकट्याशी, तू मारतोस त्याचं काय करायचं यावर, एकही माणूस बोललेला नाही. समेटाच्या बैठकीत त्याला दम दिला, कोर्टात नोटीस दिली, आणि त्याच्या थोरल्या बहिणीनं पैसे भरून व्यसनमुक्तीला ठेवला, महिनाभर. घरच्यांचं सगळ्यांचं एकच, दारूमुळं होतं. तो खरंच सुटला दारूतून, मी त्याचं श्रेय काढून घेत नाही. डिसेंबरात भावाच्या दारात आला तेव्हा पूर्ण शुद्धीत होता. ताई म्हणाली, मॅडम दारू सुटली, हात नाही सुटला. व्यसनमुक्ती केंद्रवाल्यांना पण दोष नाही, त्यांनी जे करायचं ते केलं, बायकोवर मालकी गाजवणं हा त्यांच्या अभ्यासक्रमाचा विषयच नाही. कलम १४ मध्ये मॅजिस्ट्रेट एकट्या नवऱ्याला समुपदेशनाला पाठवू शकतो. आमच्या वकीलताईंनी तशी मागणी पण केली. साहेबांनी विचारलं, कुठं पाठवू? नाव सांगा. आम्ही एकमेकींकडं बघितलं.

पुरुषांसोबत काम करणारे आहेत आपल्याकडं, मुंबईत १९९३ साली सुरू झालेली मावा संस्था कॉलेजच्या मुलांशी बोलते, पण ते मुलं मारायला लागायच्या आधीचं काम. मारणाऱ्या, चाळिशीच्या, पिकअप चालवणाऱ्या माणसासाठी तालुक्यात काय? शून्य. मग कोणीतरी म्हणतं परदेशात बघा कसे कोर्स असतात. असतात. अमेरिकेत मिनेसोटातल्या डुलुथ गावात १९८१ मध्ये सुरू झालेली पद्धत पुढं बऱ्याच ठिकाणी उचलली गेली, कॅलिफोर्नियात तर शिक्षा झालेल्या नवऱ्याला प्रोबेशनमध्ये ५२ आठवड्यांचा वर्ग. पण त्याच कॅलिफोर्नियाच्या सरकारी ऑडिटरनं २०२२ मध्ये शंभर जणांच्या फाइली काढून बघितल्या तर जवळपास निम्म्यांनी कोर्स पूर्णच केला नव्हता, आणि गैरहजेरी कोर्टापर्यंत नीट पोचत नव्हती. त्यामुळं नुसता वर्ग काढून उपयोग नाही, तो कितपत बदलतो यावर तिकडं पण वाद आहेतच. माझ्या दृष्टीनं त्यातली कामाची गोष्ट एवढीच की गैरहजर राहिला तर कोणाला तरी ते कळवायची जबाबदारी ठरलेली असायला हवी, आणि त्याची बायको कुठं राहते, तिला आता धोका किती आहे हे त्याच माणसांनी तिला वेगळं विचारत राहायला हवं. ताईच्या नवऱ्यानं स्टॅम्पवर लिहून दिलेलं मोडलं हे कळवायची जबाबदारी कोणावर होती? तिच्यावरच.

मुलाचं राहिलं. तो आता वडिलांसोबत पहाटे गाडीवर जातो, शाळा अर्धवट. ताईचा फोन आला तर पहिले काही महिने रडायचा, आता म्हणतो तू पैशासाठी केस केलीस. त्याच्यासाठी बालकल्याण समितीकडं अर्ज करायचा का यावर आमच्यातच दोन मतं आहेत, कारण तो स्वतः यायला तयार नाही आणि जबरदस्तीनं काढला तर आईच्याच विरोधात जाईल. मुलगी भावाच्या गावच्या शाळेत रमलीय.

सध्या वसुलीचा अर्ज टाकलाय, डिसेंबरच्या धमकीसाठी कलम ३१ चा वेगळा, आणि खोलीच्या ताब्यासाठी पोलीस बंदोबस्त मागितलाय. घटस्फोट घे असं भाऊ म्हणतो, ताई नको म्हणते, तो घेतला तर घरातली खोली सोड म्हणतील, आणि पंधरा वर्षं शेणा-पाण्याला मीच होते त्या घरात असं तिचं म्हणणं आहे. स्टॅम्पची अडचण अजून आहेच, त्याला उत्तर म्हणून वकीलताईंनी महिला कक्षाकडून त्या तिन्ही तारखांच्या नोंदी माहिती अधिकारात मागवल्यात, बैठकीत कोण कोण बसलं होतं आणि ताईला एकटीला विचारलं होतं का ते बघायला.

उत्तर आलं, ‘प्रकरण समेटाने निकाली, स्वतंत्र नोंद ठेवली जात नाही’. अपील केलंय.